तुसातली म्हैस

मालनबाई भाटकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कडेवर एक मूल होतं, दुसरं बोटाला आणि तिसरं पदराला. तिन्ही मुलं जीव तोडून रडत होती आणि तिन्ही दुसऱ्यांची होती.

“या ताई,” त्या म्हणाल्या, “आत अजून सोळा आहेत.”

गोष्ट १९८३च्या सप्टेंबरातली. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका महिला मंडळात नोकरी करत होते. मंडळाने जिल्ह्यातल्या अकरा गावांत बालवाड्या काढल्या होत्या आणि त्या कशा चालल्यात ते बघत फिरणं हे माझं काम. त्यातली एक राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात, समुद्राकाठी. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. बायका सकाळपासून मासळी निवडायला बंदरावर जायच्या. त्यांची तीन ते सहा वर्षांची पोरं मालनबाईंच्या हवाली.

मालनबाई सातवी पास. वय एकतीस-बत्तीस. नवरा हरिश्चंद्र मालवाहू बोटीवर खलाशी होता, वर्षाचे दहा महिने पाण्यावर. घरात सासू यमुनाबाई आणि सहावीतली मुलगी कमळा. “पोस्टमनची वाट बघत ओटीवर बसण्यापेक्षा पोरांची नाकं पुसलेली बरी,” असं म्हणून त्यांनी हे काम घेतलं होतं. बालवाडी भरायची देवळाजवळच्या धर्मशाळेत. सामान म्हणजे दोन सतरंज्या, एक फळा आणि पाण्याचा माठ.

त्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने एक नवा तक्ता नेला होता. गुळगुळीत कागदावर रंगीत जनावरं. सिंह, हत्ती, उंट, जिराफ, झेब्रा. तो भिंतीला लावून मी जिराफावर छडी ठेवली आणि विचारलं, “हा कोण?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून एकजण म्हणाला, “गाढव.”

“नाय,” दुसऱ्याने सुधारलं, “माडावर चढलेलं गाढव.”

मुलं हसली, रडणारीही हसली, आणि सगळी एकदम उठून तक्त्याकडे धावली. त्यांना त्या गाढवाला हात लावायचा होता. मी ओरडले, “हात लावायचा नाही! फाटेल!” झालं. एकोणीस मुलांनी पुन्हा भोकाड पसरलं.

मी निघताना मालनबाई थांब्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, “तक्ता छान आहे हो ताई. पण या वयात डोळे बोटांत असतात. लांबून बघा म्हटलं की पोरांना आंधळं केल्यासारखं होतं.”

मी मनात म्हटलं, सातवी पास बाई, हिला काय कळतंय. महिन्याभरात त्या तक्त्यावरच्या हत्तीची सोंड ओल्या बोटांनी पुसून पुसून नाहीशी झाल्याचं मला कळलं, तेव्हाही मी तेच म्हटलं.

पुढचं जे घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही मालनबाईंकडून, काही यमुनाबाईंकडून.

दिवाळीनंतर देवळात उत्सव होता म्हणून चार दिवस धर्मशाळा मिळेना. मालनबाईंनी पोरांना आपल्या घरापुढच्या खळ्यात आणून बसवलं. आदल्याच दिवशी गिरणीतून भात भरडून आणलं होतं आणि तुसाचा ढीग खळ्याच्या कोपऱ्यात पडला होता. मुलांना आवरता आवरता मालनबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुटून त्या ढिगात पडला आणि आत गडप झाला.

“अगो बाई, किल्ल्या!” त्या म्हणाल्या, आणि वाकून तूस चाळवायला लागल्या. एक मूल शेजारी येऊन बसलं. मग दुसरं. थोड्या वेळात एकोणीसच्या एकोणीस मुलं ढिगाभोवती बसून कोपरापर्यंत हात घालून किल्ल्या शोधत होती. कोणी मूठभर तूस उचलून बोटांच्या फटींतून सोडत होतं, कोणी नुसताच हात आत ठेवून डोळे मिटून बसलं होतं. मालनबाई सांगायच्या, “ताई, दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कावळ्याचं ओरडणं ऐकू आलं.”

किल्ल्या सापडल्या तेव्हा टाळ्या झाल्या. आणि मग सगळे म्हणाले, “बाई, परत टाका!”

त्या चार दिवसांत त्यांनी तुसात किल्ल्या टाकल्या, वाटी टाकली, शिंपला टाकला. पाचव्या दिवशी धर्मशाळेत परत जाताना आंब्याची एक रिकामी पेटी तुसाने भरून डोक्यावर घेऊन गेल्या.

अडचणी आल्याच. तूस खाजतं. पाचव्याच दिवशी संध्याकाळी चार आया मुलांचे लाल झालेले हात घेऊन दारात. मग मालनबाईंनी ते चाळून त्यातली बारीक कुसं काढली, दोन पाण्यांनी धुतलं आणि चटईवर तीन दिवस उन्हात वाळवलं. खाज गेली. यमुनाबाई ओटीवरून बघत होत्या. “आमच्या वेळी तांदूळ धुवायचे, आता तूस धुवायची पाळी आली,” म्हणाल्या.

पेटीत नुसत्या वाट्या-शिंपल्या शोधून मुलं आठ दिवसांत कंटाळली. तेव्हा मालनबाईंना तक्त्यातली जनावरं आठवली. हाताला लागणारी जनावरं पाहिजेत. त्यांनी तांबड्या मातीची करून बघितली. म्हशीचं शिंग पहिल्या दिवशी गळलं, दुसऱ्या दिवशी म्हशीचं डुक्कर झालं आणि तिसऱ्या दिवशी ढेकूळ. शेवटी त्या भागोजी मेस्त्रींकडे गेल्या.

भागोजी मेस्त्री सत्तरीचे. जन्मभर होड्या बांधल्या. आता इंजिनाच्या मोठ्या होड्या आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे जुन्या होड्यांची डागडुजी तेवढी उरली होती. माडाखाली आपली हत्यारं मांडून दिवसभर बसायचे, काम असो वा नसो.

“मेस्त्रीकाका, एक म्हैस करून द्याल?”

“माझ्याकडे माणसं होडी मागायला येतात. म्हैस मागायला आलेली तू पहिली.”

“पोरांना हातात धरायला. एवढीशी.”

“मी बाहुल्या नाय करत.”

“बाहुली कोण मागतंय? म्हैस मागते मी.”

भागोजींनी मान वर करून मालनबाईंकडे बघितलं. “आणि ठेवणार कुठे तिला?”

मालनबाईंनी आंब्याच्या पेटीबद्दल सांगितलं. भागोजी उठले, धर्मशाळेत आले, पेटीभोवती एक फेरी मारली. फळ्यांच्या फटींतून तूस जमिनीवर सांडलेलं होतं. त्यांनी एका फटीत अंगठा घालून बघितला. अंगठा आरपार गेला.

“ही पेटी?” ते म्हणाले. “हिच्यातून मांजर जाईल.” आणि एवढंच बोलून निघून गेले.

मालनबाईंना वाटलं, रागावले. पण पंधरा दिवसांनी भागोजी स्वतः हातगाडीवरून एक वस्तू घेऊन आले. फणसाच्या फळ्यांची पेटी, तीन हात लांब, दोन हात रुंद, दीड वीत खोल. मुलांना बसून हात घालता येईल अशी. कडा अशा घासलेल्या, की गाल टेकवावा. मध्ये एक आडवी फळी, आणि एका अर्ध्या भागात सगळ्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरलेली.

“हे कशाला काका?”

“या बाजूला वाळू घाल, पाणी घाल. थेंब गळणार नाय.” मग जरा थांबून म्हणाले, “सारा जन्म पाणी आत येऊ नये म्हणून फटी बुजवल्या. आता बाहेर जाऊ नये म्हणून बुजवल्या. काम तेच.”

पेटीच्या कोरड्या भागात त्यांनी मूठभर तूस घालून आणलं होतं आणि त्यात बोटभर लांबीची म्हैस होती. तेल पिऊन काळीभोर झालेली, मागे वळलेल्या शिंगांची, पोट खाली सुटलेली. मालनबाई सांगायच्या, “ती हातात घेतली आणि मला दुधाचा वास आला.”

त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी एक जनावर यायचं. पाठीवर खाचा पाडलेलं कासव. पाठीला काथ्या चिकटवलेलं मुंगूस. करवंटीचा बेडूक, तळवा फिरवला की खरखरीत. कोल्हा, बगळा, नांग्या उगारलेली लाकडी कुर्ली. साळिंदराच्या पाठीवर माडाच्या हिराच्या काड्या होत्या, टोकं बोथट करून बसवलेल्या, तरी हात लागला की अंगावर शहारा यायचा. मुलं डोळे बांधून हात घालायची आणि ओरडायची, “मुंगूस! नाय, मुंगूस नाय, कोल्हा!” ओल्या वाळूत कासव पुरायचं आणि पाणी ओतून त्याला समुद्रात पोचवायचं, हा एक खेळ निघाला. बगळ्याला म्हशीच्या पाठीवर बसवायचं, हा दुसरा. कोणी शिकवलं नव्हतं. रोज बघत होती ना गावात.

आणि दुपारी मुलं गेल्यावर सुनेला डबा घेऊन आलेल्या यमुनाबाई पेटीपाशी बसायच्या. एकदा मालनबाईंनी पकडलं, तर दोन्ही हात तुसात.

“काही हरवलं काय?”

“सांधे दुखतात गो. इथं घातले की बरं वाटतं.”

या सगळ्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एक पत्र. जानेवारीत मंडळाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. खाली सही नाही. ‘नाटे येथील बालवाडीत शिकवत नाहीत. मुलांना कोंड्यात बसवतात. माझी मुलगी घरी येऊन रडते. तरी चौकशी व्हावी. कळावे.’

मी सकाळची पहिली गाडी धरून राजापूर, तिथून दुसरी गाडी, अशी दुपारी बाराला नाट्यात उतरले. चेहरा शक्य तेवढा कडक केला होता. धर्मशाळेत शिरले तर शांतता. आठ-दहा मुलं पेटीभोवती, बाकीची फळ्यावर रेघोट्या ओढत. रविवार नव्हता, पण मालनबाईंची कमळाही तिथेच होती. शाळेला कसलीशी सुट्टी होती.

मी पोस्टकार्ड मालनबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि डोक्याला हात लावला.

“ताई, हे आमच्या कमळाचं अक्षर.”

कमळा जागच्या जागी ताठ उभी राहिली.

“तू लिहिलंस हे? आईविरुद्ध?”

“मी लिहिलं,” कमळा म्हणाली. “पण माझं नाय.”

नाट्यातल्या पुष्कळ बायकांची पत्रं कमळाच लिहायची. मुंबईला, बोटीवर, माहेरी. त्या सांगायच्या, ही लिहायची.

“मग कोणाचं?”

“सांगणार नाय. दुसऱ्याचं पत्र लिहिलं की विसरायचं, असं तूच सांगितलंस.”

मालनबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. मला हसू येत होतं आणि ते दाबताना खोकला आला. शेवटी मालनबाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. “बरोबर आहे तुझं. जा, खेळ.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, कोणाचं का असेना, लिहिलंय ते खरं आहे. मी कोंड्यात बसवते. तुम्हीच बघा आणि ठरवा.”

मी बघितलं. बघता बघता कडक चेहरा कधी सुटला कळलं नाही. पण मी तपासायला आले होते, म्हणून विचारलं, “आणि हत्ती कुठे? सिंह कुठे? तक्त्यात तर आहेत.”

दाराशी भागोजी मेस्त्री उभे होते. रत्नागिरीची बाई आली हे ऐकून आले असावेत. ते म्हणाले, “मी हत्ती बघितला नाय. जे जनावर मी बघितलं नाय, ते मी करत नाय.”

“अहो, चित्रावरून करता येईल की.”

“चित्राला पाठीमागची बाजू असते काय?”

मी पुन्हा पेटीकडे वळले.

पेटीच्या एका टोकाला एक बारीकशी मुलगी बसली होती. इतर मुलांपासून हातभर अंतर ठेवून. तिच्या हातात करवंटीचा डवला होता, आमटी वाढायला असतो तसा. ती डवल्याने तूस काढायची, बघायची आणि परत ओतायची. मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ती राही. गंगाची मुलगी. हाताला काही लागलं की तिला सहन होत नाय. वाळू नाय, माती नाय, भातसुद्धा चमच्याने खाते. पहिले दिवस पेटी बघितली की रडायची. म्हणून परवा हा डवला दिला. हात नको तर नको. आणि इथं एक शब्द बोलत नाय. घरी बोलते म्हणे.”

“मी बघू का हात घालून?” मी विचारलं. खरं तर मला कधीपासून घालायचा होता.

“घाला की.”

मी पदर खोचला आणि ओल्या वाळूच्या बाजूला बसले. तेवढ्यात पलीकडून एक बारीक आवाज आला.

“चावेल.”

राही बोलली होती. मी हसून म्हटलं, “लाकडाचं आहे बाळ, चावत नाही,” आणि हात वाळूत खुपसला.

पुढच्या क्षणी मी अशी किंचाळले, की बाहेरच्या माडावरचे कावळे उडाले. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला एक जिवंत कुर्ली लटकत होती. मुठीएवढी, रागाने लाल. मी हात झाडतेय, मुलं ओरडतायत, पाणी सगळीकडे, भागोजी पुढे येतायत. आणि मालनबाई? मालनबाई माझ्याकडे पाठ करून राहीपुढे गुडघ्यांवर बसल्या होत्या.

“काय म्हणालीस गो? परत बोल!”

“चावेल म्हटलं,” राही म्हणाली. “तिनं ऐकलं नाय.”

“मालनबाई!” मी ओरडले.

“हो ताई, आलेच, आलेच,” त्या म्हणाल्या, पण नजर राहीवरून हलली नाही. कुर्ली भागोजींनीच सोडवली. तिला पाठीमागून धरून पाण्याच्या बादलीत टाकलं आणि मला म्हणाले, “हात झाडायचा नसतो. टेकवला की ती आपणहून सोडते.” हे ज्ञान मला जरा आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

यमुनाबाई हळद घेऊन आल्या. बोटाला चिंधी बांधून झाल्यावर मी मुलांना विचारलं, कुर्ली कोणी टाकली. चार बोटं चार जणांकडे गेली. मग एकजण पुढे आला आणि म्हणाला, “लाकडाच्या कुर्लीला एकटं वाटत होतं.”

काय करणार? मी तपासनीस होते, पण हसणाऱ्या तपासनिसाला कोण भितं. मी हसले ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. थोडं पाणी बोटामुळेही असेल.

आरडाओरडा बंदरापर्यंत गेला असावा, कारण थोड्याच वेळात राहीची आई गंगा धापा टाकत आली, हातांना मासळीचे खवले तसेच. लेक धड आहे हे बघितलं, आणि मालनबाईंनी तिला सांगितलं की राही बोलली, चार शब्द बोलली, तेही रत्नागिरीच्या ताईंशी. गंगाने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा माझ्या बोटाकडे, आणि खाली बसली.

“ते कार्ड मी लिहवलं,” ती म्हणाली. “पोर रोज रडत यायची. मला वाटलं, तुम्ही तिला जबरदस्तीने बसवता.”

मला वाटलं आता वादावादी होणार. पण मालनबाई उठल्या, माठातलं पाणी आणून गंगाला दिलं आणि म्हणाल्या, “कार्ड टाकायच्या आधी घरी आली असतीस तर डवला आठ दिवस आधी दिला असता. मला पण उशिराच कळलं.” कमळा कोपऱ्यात बसून छताकडे बघत होती, जणू तिला काहीच ठाऊक नाही.

मी मंडळाच्या अहवालात काय लिहिलं ते महत्त्वाचं नाही. कुर्ली मी त्यात घातली नाही. पण मंडळाच्या अध्यक्षबाईंना माझी चिंधी दिसली आणि सगळं सांगावं लागलं. त्यांनी फर्मान काढलं, की एप्रिलमध्ये लांज्याला आपल्या आणि इतर संस्थांच्या बालवाडीबाईंचं शिबिर आहे, तिथे ती पेटी आणा.

मालनबाईंना बोलायचं म्हणजे धडकी. मी समजूत घालायला गेले तर त्या म्हणाल्या, “पेटी नेते. बोलणार नाय.” आणि भागोजी म्हणाले, “पेटी मी नेतो. एस.टी.च्या टपावर टाकून फोडतील.” अशी दोघंही आली. राजापूरच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं, “पेटीत काय?”

“म्हैस, कोल्हा, साळिंदर,” भागोजींनी खरं ते सांगितलं.

“जनावरं गाडीत नेत नाहीत.”

“मग बघा उघडून.”

कंडक्टरने उघडून बघितलं. मग हात घातला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला तरी कंडक्टर येईना, म्हणून ड्रायव्हर उतरून आला, तर त्यानेही हात घातला. गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली आणि पेटी आत, ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून लांज्याला गेली.

शिबिरात पंचवीस बायका. आधीच्या दोन भाषणांनी पेंगुळलेल्या. मालनबाई पुढे उभ्या राहिल्या. पेटी पुढे सरकवून एवढंच म्हणाल्या, “मला बोलता येत नाय. डोळे मिटा आणि एकेकीने हात घाला.”

पुढचा एक तास त्या खोलीत पंचवीस बायका नव्हत्याच. किंचाळ्या, हसणं, “थांब गो, माझा नंबर!” एकीला साळिंदर लागलं आणि ती दोन पावलं मागे उडाली. एक वयस्कर बाई म्हैस हातात घेऊन तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिली. आणि मालनबाई, बोलता न येणाऱ्या मालनबाई, एकीला तूस कसं धुवायचं ते सांगत होत्या, दुसरीला वाळू किती ओली ठेवायची ते, तिसरीला राहीबद्दल. त्यांना स्वतःला कळलंच नाही, की त्या बोलताहेत.

शेवटी सगळ्यांनी भागोजींना घेरलं. आम्हाला पण करून द्या. भागोजी म्हणाले, “मी नाय देणार. तुमच्या गावात सुतार असेल ना? त्याला सांगा, तुला काय दिसतं रोज, ते कर.”

त्यांचं म्हणणं काहींनी अक्षरशः पाळलं. पुढच्या तीन-चार वर्षांत मी फिरले तेव्हा दहा गावांत पेट्या बघितल्या. एका डोंगरातल्या गावात वानर आणि रानडुक्कर. एकीकडे फणसाच्या आठळ्या आणि काजूच्या बियांत लपवलेले सरडे. लांज्याजवळच्या एका पेटीत गायी-बैलांच्या मध्ये एक लाकडी एस.टी. होती. मी विचारलं, ही कशी? तर बाई म्हणाल्या, “सुतार म्हणाला, हायवेला घर आहे माझं, रोज हेच जनावर बघतो.”

राही पहिलीत गेली. चिखल तिला तेव्हाही आवडत नसे. पावसाळ्यात बांधाच्या कडेने, चपला हातात न घेता पायात घालूनच चालायची. पण बोलायची, आणि चांगली ठणकावून बोलायची.

मालनबाईंचा नवरा हरिश्चंद्र दर वर्षी रजेवर यायचा. एकदा मी गेले तर हा सहा फुटी गडी पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेला, आणि एक चार वर्षांची मुलगी त्याला दटावत होती, “डोळे मीट. लबाडी नाय करायची.”

माझी मंडळातली नोकरी ८९ साली संपली. शेवटची फेरी म्हणून मे महिन्यात नाट्याला गेले. मनात होतं, की मालनबाईंशी निवांत बसून बोलावं, चार आभाराचे शब्द म्हणावेत. मी तयारीही केली होती. पण मृगापूर्वी सगळी जनावरं पेटीतून काढून त्यांना उंडीचं तेल चोळायचं असतं, नाहीतर पावसात बुरशी धरते, आणि मी पोचले तो दिवस नेमका तोच. धर्मशाळेच्या पायऱ्यांवर छत्तीस जनावरं ओळीने मांडली होती. मालनबाईंचे हात कोपरापर्यंत तेलकट.

“आलात ताई? बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि एक चिंधी आणि बगळा माझ्या हातात दिला. “चोचीच्या खाली नीट चोळा. तिथं राहून जातं.”

मी चपला काढल्या आणि पायरीवर बसले. चारच्या गाडीपर्यंत माझी अकरा जनावरं चोळून झाली.